तीन वाटांचं चेंबर

निवृत्त झाल्यापासून माझे भावोजी घराबाहेर पाऊल टाकून परत आले की आंघोळ करत. भाजी आणायला गेले, आंघोळ. कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणलं, आंघोळ. एकदा वाऱ्याने उडालेला टॉवेल उचलायला जिना उतरून खाली गेले आणि वर येऊन पुन्हा आंघोळीला बसले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शेजाऱ्यांना वाटायचं, नोकरी संपली आणि माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नव्हतं. घरात साहेब होते आणि साहेबांचा तसा हुकूम होता.

साहेब म्हणजे पोपट. आपल्या नजरेसमोर येतो तसला हिरवा नव्हे. राखी अंगाचा, लाल शेपटीचा, पिवळ्या डोळ्यांचा. दार उघडलं की कोण आलंय हे न बघता तो माझ्या ताईच्या आवाजात सांगायचा, "थांबा तिथेच. आधी आंघोळ." पोस्टमनला सांगायचा, मीटर बघायला येणाऱ्या माणसाला सांगायचा, मला तर सांगायचाच. मी शाळेत खेळ शिकवते. दिवसभर शिट्टी फुंकून पोरांना रांगेत उभं करते आणि सख्ख्या बहिणीच्या घरी एका पक्ष्याची बोलणी खाते. ताईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आवाज मात्र जिथल्या तिथे होता.

भावोजींचा जन्म गेला शहराच्या ड्रेनेज खात्यात. गल्लीत त्यांना चेंबरवाले म्हणतात. रस्त्याने जाताना तुम्ही-आम्ही दुकानांच्या पाट्या बघतो, हे जमिनीतली लोखंडी झाकणं बघतात. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही एक शिक्षाच असते. "हे झाकण नवीन बसवलंय," असं म्हणून भर रस्त्यात थांबतात, "इथून खाली लाइन उजवीकडे वळते." मी म्हणते, "भावोजी, जरा वर बघा, ट्रक येतोय."

तुंबलेली लाइन मोकळी करायची त्यांची एक ठरलेली रीत होती आणि ती ते कुणालाही, न विचारता, समजावून सांगत. आधी वरून येणारं पाणी बंद करायचं. मग उताराच्या दिशेने एकेक झाकण उघडत जायचं. हे चेंबर भरलेलं, पुढचंही भरलेलं, त्याच्या पुढचं मात्र कोरडं, म्हणजे घोडं अडलंय ते या दोघांच्या मध्ये. मग सळ्या आत घालायच्या. "पाणी चालू असताना सळी घातली की सगळं अंगावर येतं," ते म्हणत. "म्हणून आधी वरचं बंद." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

ताईने या माणसाशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या आईने अंथरूण धरलं. "गटारात हात घालणारा जावई," एवढंच ती कण्हत होती. ताई शांतपणे म्हणाली, "हात धुतो ना? मग झालं." आणि लग्नानंतर ते धुण्याचं खातं तिने स्वतःकडे घेतलं. भावोजी कामावरून आले की दारातच आवाज यायचा, "थांबा तिथेच. आधी आंघोळ." बूट दाराबाहेर, कपडे बादलीत, माणूस न्हाणीघरात. आत गरम पाणी काढलेलं, खुंटीला टॉवेल, साबणाची नवी वडी. ओले केस पुसत ते बाहेर आले की ती म्हणायची, "झालं? बसा आता." मग चहा, मग दिवसभराच्या गप्पा, त्यात झाकणांच्या जास्त. या दोन वाक्यांच्या मधे त्यांचा सगळा संसार झाला असं म्हटलं तरी चालेल.

साहेब या घरात आले ते गमबुटातून. एका कोरड्या चेंबरचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं होतं आणि कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला हा पक्षी त्यात पडला होता. भावोजी शिडीने खाली उतरले तर अंधारात कुणीतरी शिव्या देत होतं. हात पुढे केला तर बोटाला कडाडून चावा. शेवटी त्यांनी पायातला एक गमबूट काढून आडवा धरला, पक्षी आपणहून त्यात शिरला, आणि भावोजी एक पाय मोज्याचा, एक बुटाचा असे बूट छातीशी धरून घरी आले. ताईने दार उघडलं, दोघांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "थांबा तिथेच. आधी आंघोळ." आणि दोघांनाही घातली.

पक्ष्याच्या मालकाचा पुष्कळ शोध घेतला, कुणी पुढे आलं नाही. जुन्या शिव्या तो हळूहळू विसरला आणि त्यांच्या जागी ताईचं ते एक वाक्य धरून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यावर हुकूम सोडतो म्हणून त्याचं नाव पडलं साहेब. ते गमबूटही भावोजींनी कधी टाकले नाहीत. निवृत्त झाल्यावर जोडी दाराच्या आत कोपऱ्यात आडवी ठेवून दिली. पिंजऱ्यातून बाहेर सोडलं की साहेब एका बुटात शिरायचे आणि तासन्‌तास आतच बसायचे. भावोजी कौतुकाने म्हणायचे, "साहेब साइटवर गेलेत."

ताई गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला साहेब तिच्याच आवाजात दारात थांबवत होते. आमचे एक लांबचे काका तर घाबरून जिन्यातच बसले. कुणीतरी म्हणालं, हा पक्षी देऊन टाका, रोज असं ऐकत जगणं बरं नाही. भावोजी उठले, आंघोळ करून आले आणि ओल्या केसांनी खोलीच्या मधोमध उभेच राहिले. पुढचं "बसा आता" म्हणणारं कुणी नव्हतं. साहेबांना पहिलंच वाक्य येत होतं. दुसरं त्यांनी कधी उचललंच नाही.

पुढे एकदा भाजी निवडता निवडता भावोजी मला म्हणाले, "धाकटे, खरं सांग. तुझ्या ताईला माझी किळस यायची का गं? रोज दारातच अडवायची."

"काहीतरीच," मी म्हटलं. "किळस आली असती तर नवी वडी काढून ठेवली असती का?"

त्यांनी मान हलवली. पण त्यांना ते पटलेलं नाही, हे मला दिसत होतं.

आणि अशा या साहेबांनी एके दिवशी तोंड मिटलं.

मी शाळेतून निघत होते तेव्हा भावोजींचा फोन आला. "धाकटे, साहेब तुंबलेत."

"म्हणजे काय?"

"सकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेत. जोर लावतात, खाली काही पडत नाही. मी कितीदा दार उघडून बघितलं, एक शब्द नाही."

मी तडक गेले. दार ढकललं आणि कुणी अडवलं नाही. इतकी वर्षं त्या हुकमाचा मला राग यायचा, आणि आता तो हुकूम आलाच नाही. चपला काढून मी आपणहून दारात उभी राहिले.

साहेबांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती. भावोजी पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसले होते. वर न बघता म्हणाले, "हे गेले तर आवाज जाईल गं. तिचं दुसरं काय आहे माझ्याकडे? फोटो काही बोलत नाही."

अशा वेळी मला धीराचे शब्द सुचत नाहीत, मला रागच येतो. मी मैदानावरच्या आवाजात म्हटलं, "मग बसून काय राहिलात? उठा. गाडी बोलावते."

पक्ष्यांचा दवाखाना एका चष्म्याच्या दुकानावर होता. डॉक्टरीणबाई तरुण, किरकोळ, दोन्ही हातांवर चोचींचे जुने ओरखडे. त्यांनी साहेबांना टॉवेलात गुंडाळलं, दोन बोटांनी पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "अंडं अडलंय."

"कुणाचं?" भावोजींनी विचारलं.

"यांचंच. ही मादी आहे."

"साहेब?"

"साहेबच. या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, काका."

मला हसू फुटलं, तेही नको त्या वेळी. आयुष्यभर ज्यांच्या हुकमावरून आम्ही चपला काढल्या ते साहेब अडलेली बाळंतीण निघाले. भावोजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी तोंडावर रुमाल धरला.

"पण जोडीला कुणी नाही," ते म्हणाले.

"लागत नाही. कोंबडी नाही का एकटी अंडी घालत? अंधारी, बंद जागा मिळाली की एखादीला वाटतं, घरटं तयार आहे. अशी जागा आहे का घरात?"

भावोजी जमिनीकडे बघत म्हणाले, "गमबूट."

"बरं. शेवटचं पाणी कधी प्यायल्या?"

"सकाळपासून नाही."

"पीतच नाहीत?"

"मीच वाटी काढून घेतली. दाणेही काढले." डॉक्टरीणबाईंचे हात थांबले. भावोजींना वाटलं, त्यांना कळलं नसेल. म्हणून त्यांनी सावकाश समजावलं, "तुंबल्यावर आधी वरचं बंद करायचं असतं. मी ड्रेनेज खात्यात होतो."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, गटाराला तहान लागत नाही."

भावोजी खुर्चीत बसले. त्यानंतर बाई भराभर कामाला लागल्या. पाण्यावाचून आतलं सगळं कोरडं पडतं आणि अडलेलं आणखी अडतं, असं सांगत त्यांनी कातडीखाली पाणी टोचलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, आणि साहेबांना एका काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीत ऊब होती, काचेवर वाफ धरली होती. "आता वाट बघायची," त्या म्हणाल्या. "दाबायचं नाही, ओढायचं नाही, आत काही घालायचं तर मुळीच नाही. अंडं आत फुटलं तर मला फारसं काही करता येणार नाही."

भावोजींनी हात गुडघ्यांवर ठेवले. त्या हातांनी आयुष्यभर सळ्या घातल्या होत्या आणि आता त्यांना नुसतं बसायचं होतं. जरा वेळाने म्हणाले, "पण विष्ठाही बंद होती, डॉक्टर. मी काय समजायचं? बाहेर यायची वाट तर एकच दिसते."

डॉक्टरीणबाईंनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर तीन नळ्या काढल्या. "ही आतड्यातून येते. ही मूत्रपिंडातून. ही अंड्याची. तिन्ही येतात या एका खोलीत आणि खोलीला बाहेरचं दार एकच. अंडं दाराशी अडलं की बाकीच्या दोन्ही वाटा मागे तुंबतात."

भावोजी त्या कागदावर वाकले ते वाकलेच. "म्हणजे चेंबर आहे," ते म्हणाले. "तीन लाइनींचं चेंबर. आणि मी भलत्याच लाइनीचं पाणी तोडून बसलो." मग बोट त्या खोलीवर ठेवून म्हणाले, "याला नाव असेल ना काही?"

"क्लोएका."

"म्हणजे काय?"

"लॅटिन शब्द आहे. म्हणजे गटार."

भावोजींचा चेहरा पडला. मी मुळात तापट, त्यात दिवसभराचा ताण. मी म्हटलं, "हे बघा डॉक्टर, त्यांची चूक झाली, मान्य. पण ज्या कामावरून लोकांनी त्यांना जन्मभर नावं ठेवली त्यावर तुम्हीही विनोद करायची गरज नाही."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "अहो मावशी, विनोद नाही हो. खरंच तेच नाव आहे." आणि त्यांनी वजनकाट्याखाली टेकू म्हणून दिलेला एक जाडजूड कोश ओढून काढला. वजनकाटा कलला. त्यांनी पान शोधलं, माझ्यापुढे धरलं, आणि मला ती भाषा येत नाही हे लक्षात आल्यावर स्वतःच सांगू लागल्या.

जुन्या रोम शहरात जमिनीखालून एक मोठं गटार काढलं होतं, दगडी कमानीचं. अशा गटाराला तिथले लोक क्लोएका म्हणत. शहराचं पाणी ठिकठिकाणांहून त्यात यायचं आणि एका तोंडाने नदीत जायचं. पुढे प्राण्यांची शरीरं उघडून अभ्यास करणाऱ्यांना पक्ष्यांच्या पोटात तशीच जागा दिसली, म्हणून त्यांनी तेच नाव उचललं. नुसतं पक्ष्यांनाच नव्हे, बेडकांना असते, सापांना असते, सरड्यांना आणि कासवांना असते. आपल्यासारख्यांना मात्र निसर्गाने वाटा वेगळ्या करून दिल्या आहेत.

"अजून आहे ते?" भावोजींनी विचारलं.

"काय?"

"ते गटार."

"आहे म्हणतात. काही भागातून अजून पाणी वाहतं."

"दगडी कमान," भावोजी मान डोलावत म्हणाले. "त्याशिवाय टिकायचं नाही." साहेब मरणाच्या दारात होते आणि हा माणूस हजारो वर्षांपूर्वीच्या बांधकामाला दाद देत होता. मला राग यायला हवा होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आलेला पाहून बरंच वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "शब्द कुठून आला तेही दिलंय. त्याच्याहून जुनं एक क्रियापद आहे, त्यावरून हा झाला असं मानतात. त्या क्रियापदाचा अर्थ धुणे, स्वच्छ करणे. त्या गटाराची एक देवीसुद्धा होती. तिच्या नावाचा अर्थही तोच, स्वच्छ करणारी."

"परत वाचा," भावोजी म्हणाले.

त्यांनी परत वाचलं.

"धुणे," भावोजी म्हणाले. "घाण असं कुठे नाही?"

"मुळात तरी नाही. धुणेच आहे."

भावोजींनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने उगाच पुसत राहिले. "हे तिला सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. "तिला माहीत होतं, भावोजी," मी म्हटलं. "दिवसभर तुम्ही शहर धुवायचात आणि संध्याकाळी घरी आलात की तिची पाळी. त्यात किळस कसली? तिला तुमचा अभिमान होता. आईशी भांडली ती काय उगाच?"

या वेळी त्यांनी मान हलवली नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांना पटलं होतं.

बाहेर दिवे लागले तेव्हा पेटीत काहीतरी हललं. डॉक्टरीणबाई काचेशी वाकल्या आणि किती तरी वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "आलं."

टॉवेलावर एक पांढरंशुभ्र अंडं पडलं होतं आणि त्याच्या शेजारी पंख सैल सोडून साहेब उभ्या होत्या. हो, उभ्या; आता तसंच म्हणायला हवं. बाईंनी पाण्याची वाटी आत सरकवली. साहेबांनी चोच बुडवली, मान वर केली, पुन्हा बुडवली. आमचा जीव भांड्यात पडला. भावोजी हुंदके देऊन रडले, मीही लाज सोडून रडले, आणि डॉक्टरीणबाई पाठ करून हात धुवायला लागल्या, ते पुरेसे धुऊन झाले तरी धूत राहिल्या.

"बोलतील ना?" भावोजींनी विचारलं.

"आधी जगू द्या त्यांना, काका," बाई म्हणाल्या. "बोलण्याचं मी सांगू शकत नाही. अशा दुखण्यानंतर काही पक्षी कित्येक महिने गप्प राहतात. काही पुन्हा बोलतच नाहीत."

साहेबांना त्यांनी काही दिवस ठेवून घेतलं. भावोजी रोज जाऊन बसत. साहेब खात होत्या, पीत होत्या, शेपटी साफ करत होत्या, पण आवाज नाही. दवाखान्याचं दार सारखं उघडायचं, माणसं आत यायची आणि त्यांना कुणी अडवायचं नाही. घरी काय करायचं ते बाईंनी बजावून सांगितलं: नुसत्या सूर्यफुलाच्या बिया बंद, हिरवा पाला चालू, आणि अंधारी जागा अजिबात नको. भावोजींना गमबूट कचऱ्यात टाकवेनात. त्यांनी ते घासूनपुसून खात्याच्या स्टोअरमध्ये परत नेऊन दिले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "इतक्या वर्षांनी?" हे म्हणाले, "साहेबांचं बाळंतपण झालं." आणि त्याला तसाच सोडून निघून आले.

साहेबांना आणायला आम्ही दोघं गेलो. जिना चढताना भावोजींच्या हातात पिंजरा होता, त्यावर टॉवेल. मागे मी, हातात पाल्याची पिशवी. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यापाशी थांबले. इतक्या वर्षांची सवय. पाऊल आत पडेना. थांबवणारी तर त्यांच्याच हातात होती आणि घर रिकामं होतं. गमबुटांचा कोपरा मोकळा दिसत होता. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. आता काहीतरी बोललं पाहिजे, निदान आत चला तरी म्हटलं पाहिजे, असं मनात येत होतं.

टॉवेलाखालून खरखर झाली. मग जरा बसक्या, पण तिच्याच आवाजात: "थांबा तिथेच. आधी आंघोळ."

भावोजींनी डोळे मिटले. मी पिंजरा त्यांच्या हातातून घेतला, नाहीतर पडला असता. त्यांनी बूट काढून दाराबाहेर नीट जोडीने ठेवले आणि न्हाणीघरात गेले. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, लागतं त्याहून बराच जास्त वेळ. मी पिंजरा जागेवर टांगला, टॉवेल काढला, वाटीत पाणी भरलं आणि चहा ठेवला.

ते बाहेर आले. केस ओले, टॉवेल खांद्यावर. आणि ताई गेल्यापासून रोज उभे राहत तसे खोलीच्या मधोमध उभे राहिले. माझा आवाज थेट ताईसारखा आहे असं सगळे म्हणतात; फक्त मी तो कधी हळू वापरत नाही. मी दोन कप टेबलावर ठेवले.

"झालं?" मी हळूच म्हटलं. "बसा आता."

ते बसले. साहेबांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि ते नीट ऐकून घेतलं.